विजयदुर्ग: खाडीचं तोंड राखणारा किल्ला नेमकं काय करतो?

विजयदुर्गच्या उत्तरेकडच्या तटावर उभं राहिलं की डाव्या हाताला मोकळा अरबी समुद्र दिसतो आणि उजव्या हाताला वाघोटणची खाडी आत वळत गेलेली दिसते. या दोघांना जोडणारा पाण्याचा पट्टा समोर असतो. आपण किल्ला बघायला जातो, तट-बुरूज, कोठारं, दरवाजे बघतो, फोटो काढतो आणि परततो. ज्या पाण्यासाठी एवढा दगड रचला, ते पाणी बघायचं मात्र राहून जातं. म्हणून या लेखात आपण विजयदुर्गाकडे पाण्याच्या बाजूने बघू.

डोंगरी किल्ल्याचं काम समजायला सोपं असतं. उंचावर बसायचं, खालून येणाऱ्याला चढू द्यायचं नाही. खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्यापुढचा पेच निराळा आहे. त्याला स्वतःला तर वाचवायचं असतंच, शिवाय पाठीमागचं बंदर, तिथे नांगरलेली गलबतं, खाडीतून वर जाणारा माल हेही सांभाळायचं असतं. आणि शत्रूने किल्ल्याला हातही न लावता नुसतं त्याच्या समोरून आत निघून जायचं ठरवलं तर?

थोडा हिशोब मांडून बघू. 18व्या शतकातली तोफ गोळा दीड-दोन किलोमीटर फेकू शकत असली, तरी हलत्या जहाजावर नेम धरून मारा करायचा तर अंतर सात-आठशे मीटरच्या आत हवं. म्हणजे समोरून जाणारं जहाज येताना आठशे आणि जाताना आठशे, असं साधारण सोळाशे मीटर माऱ्यात असतं. शिडाचं जहाज बेताच्या वाऱ्यावर ताशी पाच-साडेपाच किलोमीटर चाललं, तर हे अंतर सतरा ते एकोणीस मिनिटांत कापतं. जड तोफ पुसायची, दारू भरायची, गोळा घालायचा, पुन्हा जागेवर ओढून नेम धरायचा, यात प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं जातात. म्हणजे एका तोफेच्या वाट्याला पाच-सहा बार येतात, आणि त्यातले निम्मे पाण्यात पडले तरी नवल नाही.

म्हणून नुसत्या तोफांच्या भरवशावर बंदर राखता येत नाही. शत्रूच्या जहाजाला तोंडाशी हळू चालायला, अडखळायला, थांबायला भाग पाडावं लागतं. ते काम खोली, भरती-ओहोटी आणि वारा मिळून करतात. किल्ल्याची जागा निवडणाऱ्याला या तिघांची जाण असावी लागते.

पाणी किती खोल, वारा कुठला

नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मरतो आणि तिने आणलेला गाळ खाली बसतो. समोरून लाटा तोच गाळ आत ढकलतात. या ओढाताणीत बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा तयार होतो. कोकणातल्या कितीतरी बंदरांची ही दुखरी जागा आहे. भरतीला गलबत दांड्यावरून पार होतं, ओहोटीला बाहेर ताटकळत राहतं, आणि पावसाळ्यात त्या दांड्यावर लाटा फुटायला लागल्या की बंदर बंदच.

विजयदुर्गाला असा दांडा नाही. जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये हे बंदर पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांपैकी एक म्हणून नोंदलं आहे: तोंडाशी अडथळा नाही, कुठल्याही हवेत आत शिरता येतं, आणि नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले तरी मोठ्या जहाजांना आत आसरा मिळतो. शिडांच्या काळात याला फार मोल होतं. पावसाळ्यात सगळा किनारा मिटलेला असायचा, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या बाहेर पडायच्या नाहीत. ते चार महिने आरमार कुठे ठेवायचं, हा प्रत्येक दर्यावर्दी सत्तेपुढचा प्रश्न होता. वाघोटणच्या खाडीत त्याचं उत्तर होतं.

शिवाय ही खाडी आत लांबवर जाते. वरच्या अंगाला खारेपाटण हे जुनं बंदर, आणि तिथून पुढे घाटवाटांनी कोल्हापूरकडचा देश. घाटावरचा माल खाली यायचा, समुद्रावरचा वर जायचा. खारेपाटणचं महत्त्व शिलाहारांच्या काळापासून आहे, तिथे सापडलेला रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. ज्याच्या हाती खाडीचं तोंड, त्याच्या हाती या सगळ्या वाटेची जकात. परंपरा हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने 12व्या शतकाच्या अखेरीस बांधला असं सांगते, ते या अर्थाने पटण्यासारखं आहे. पुढे तो आदिलशाहीत गेला. घेरिया हे त्याचं जुनं नाव, जवळच्या गिर्ये गावाशी जोडलेलं. शिवाजी महाराजांनी 17व्या शतकात तो घेतला, नाव विजयदुर्ग ठेवलं आणि तटबंदी वाढवून मजबूत केली. आज दिसणारा तिहेरी तट, सत्तावीस बुरूज आणि सतरा एकरांच्या आसपासचा विस्तार या वाढीतून आलेला आहे.

पण इथेच एक गोम आहे, आणि सबंध विजयदुर्गाची कथा मला तिच्याभोवती फिरताना दिसते. जे पाणी आपल्या जहाजांना बारा महिने आत येऊ देतं, तेच पाणी शत्रूच्या मोठ्या जहाजालाही आत येऊ देतं. दांडा असलेल्या खाडीत पन्नास तोफांचं जहाज येणारच नाही, तळ रुतेल. विजयदुर्गाला ती सोय नव्हती. बंदर जितकं चांगलं, तितका किल्ल्यावर भार जास्त.

आता वारा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. या दोन्हींच्या मधे, सकाळी उन्हं वर येताना, वारा काही काळ पडतो. मोठं शिडाचं जहाज अशा वेळी लाकडाच्या ओंडक्यासारखं जागच्या जागी डुलत राहतं.

मराठी आरमाराची जहाजं हे ओळखून बांधलेली होती. गुराब हे त्यातलं मोठं जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण दीडशे ते तीनशे टनांचं, तळ उथळ, आणि पुढच्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत न्यायची आणि अडकलेल्या जहाजाच्या मागच्या बाजूला आणून उभी करायची. युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात, मागे फार थोड्या. वारा पुन्हा सुटेपर्यंत गुराबांचा मारा चालू. आणि प्रकरण अंगाशी येतंय असं वाटलं तर? पाठ फिरवायची आणि खाडीत, किल्ल्याच्या तोफांच्या सावलीत शिरायचं. पाठलाग करणारा आपसूक बुरुजांच्या माऱ्यात येतो.

किल्ला आणि आरमार ही जोडी अशी एकमेकांवर उभी होती. गलबतं शत्रूला किल्ल्याजवळ फिरकू द्यायची नाहीत, आणि किल्ला गलबतांना पाठ टेकायला जागा द्यायचा. यातला एक गेला की दुसरा उघडा पडतो.

ज्यांना आत शिरता आलं नाही

कान्होजी आंग्र्यांच्या काळात ही जोडी सगळ्यात घट्ट होती. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेल म्हणजे आरमारप्रमुख हे पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना घ्या, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजांनी त्यासाठी त्यांना चाचा ठरवलं. पोर्तुगीज मात्र त्याच समुद्रात शे-दोनशे वर्षं कर्ताझ नावाचे परवाने विकत आले होते, आणि त्याला कोणी चाचेगिरी म्हटलं नाही. आंग्र्यांसाठी चाचा हा शब्द आजही काही ठिकाणी वापरला जातो, तो वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

1717 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्गावर मोहीम पाठवली. तोफांच्या माऱ्याने तटाचं फारसं बिघडलं नाही, आणि उतरलेल्या माणसांच्या शिड्या तटाच्या उंचीला पुरल्या नाहीत. 1720 मध्ये इंग्रज पुन्हा आले, या वेळी फ्रॅम नावाची सपाट तळाची, जाड कुशींची तरंगती तोफगाडी बरोबर घेऊन. किल्ल्याच्या अगदी जवळ जाऊन मारा करायचा, असा बेत होता. पण तोफांची तोंडं पुरेशी वर उचलता येईनात, गोळे वाटेतच पाण्यात पडले. 1724 मध्ये डच सात जहाजं आणि सैन्य घेऊन आले आणि हात हलवत परत गेले.

या अपयशांचं कारण म्हणून पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट नेहमी सांगितली जाते. किल्ल्याजवळच्या समुद्रात दगडी बांध आहे आणि शत्रूची जहाजं त्यावर आपटून फुटायची, अशी ती गोष्ट. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इथे पाण्याखाली जाऊन अभ्यास केला आहे, तेव्हा गोष्ट अगदीच हवेत नाही. पण तिच्यावर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं. कारण 1756 मध्ये मोठमोठी जहाजं किल्ल्याला वळसा घालून खाडीत गेली तेव्हा ती कुठल्या भिंतीवर फुटली नाहीत. सुरुवातीच्या मोहिमा फसल्या त्यामागे साधी कारणं दिसतात: खोली नीट मोजलेली नव्हती, मारा लांबून झाला, जमिनीकडची बाजू मोकळी राहिली, आणि आंग्र्यांचं आरमार शाबूत होतं.

हाच विचार उलट्या बाजूने बघायचा तर खांदेरी आठवावी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रज हवालदिल झाले. बेट लहानसं, ओसाड. पण तिथून मुंबईत शिरणारं-निघणारं प्रत्येक जहाज दिसणार होतं. इंग्रजांनी वेढा घालायचा प्रयत्न केला, महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या होड्या रात्री-बेरात्री रसद पोचवत राहिल्या आणि बांधकाम पुरं झालं. जंजिऱ्याच्या सिद्दीने मग शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडलं. दुसऱ्याच्या दारात आपला पहारा बसवणं, हाही अशा किल्ल्याचा एक उपयोग.

फेब्रुवारी 1756

कान्होजी 1729 मध्ये वारले. मुलांमध्ये वाद झाले. 1735 मध्ये पहिल्या बाजीरावांनी वाटणी करून दिली: मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजीला सुवर्णदुर्ग आणि सरखेल पद. एक आरमार दोन झालं. संभाजीनंतर तुळाजी आंग्रे दक्षिणेकडच्या भागाचे धनी झाले. दर्यावर ते कान्होजींच्या तोडीचे होते, पण पेशव्यांना जुमानायला तयार नव्हते. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हात मिळवला. करार असा होता की जिंकलेले किल्ले मराठ्यांकडे यावेत.

1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढची पाळी विजयदुर्गाची. त्याआधी इंग्रजांनी एक काम केलं, ज्याकडे इतिहास सांगताना सहसा दुर्लक्ष होतं. जेम्सला काही जहाजं देऊन विजयदुर्गासमोर पाठवलं, तेही नुसतं बघायला आणि पाणी मोजायला. त्या काळी खोली मोजायची म्हणजे शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची आणि तळ लागेपर्यंत किती उतरली ते बघायचं. त्याने परत येऊन कळवलं की किल्ला ऐकला तितका अवघड नाही, आणि तोफांच्या पल्ल्याइतकं जवळ जायला मोठ्या जहाजांना पुरेल एवढं पाणी आहे. ज्या खोल पाण्यामुळे बंदराची कीर्ती होती, ती खोली आता शत्रूच्या वहीत लिहिली गेली होती.

7 फेब्रुवारी 1756 ला ॲडमिरल वॉटसनचा ताफा मुंबईहून निघाला. पन्नास ते सत्तर तोफांची चार मोठी जहाजं, त्यांच्याबरोबर लहान जहाजं आणि उखळी तोफांच्या होड्या. जहाजांवर रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालचं सैन्य. जमिनीकडून पेशव्यांची फौज येऊन ठेपली होती. तुळाजी किल्ला नातलगांच्या हवाली करून स्वतः मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते.

किल्ल्यात तोफा किती होत्या? सुमारे दोनशे. मग चार मोठ्या जहाजांना त्या भारी पडायला नकोत का? इथे पुन्हा हिशोब मदतीला येतो. किल्ल्याच्या तोफा सगळ्या बाजूंनी विखुरलेल्या असतात. पश्चिमेच्या बुरुजावरची तोफ उत्तरेकडच्या जहाजावर चालत नाही. जहाजाची गोष्ट वेगळी. चार जहाजांच्या मिळून अडीचशेच्या जवळपास तोफा, त्यातल्या एका कुशीच्या म्हटल्या तरी सव्वाशे. ती सगळी कूस तटाच्या एकाच भागासमोर आणून लावता येते. समुद्रावर हेलकावे बसतात आणि जहाजाचा नेम चुकतो, हा किल्ल्याचा नेहमीचा फायदा. पण खाडीत पाणी शांत असतं. वॉटसनची जहाजं 12 तारखेला दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत शिरली, उत्तर अंगाला तटाच्या अगदी जवळ दोन रांगांत नांगरली आणि मारा सुरू झाला. मोठी जहाजं तटाजवळ, उखळीच्या होड्या त्यांच्या आडोशाला.

आंग्र्यांचं आरमार कुठे होतं? खाडीतच, किल्ल्याच्या आसऱ्याला, एकमेकांना लागून बांधलेलं. त्यात रेस्टोरेशन नावाचं जहाज होतं, आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. इंग्रजांचा एक उखळी गोळा त्याच्यावर येऊन पडला. सागवान, डांबर लावलेले दोर, सुकलेली शिडं, सगळं पेटायला तयारच होतं. एकाची आग दुसऱ्याला लागली, आणि संध्याकाळपर्यंत कान्होजींच्या घराण्याने पन्नास वर्षांत उभं केलेलं आरमार पाण्यावर जळून गेलं. इथपर्यंत आलं की मला पुढे लिहायला जड जातं. किनाऱ्यावरून ती आग बघणाऱ्यांत ती गुराबं बांधणारे सुतारही असतील.

रात्रीच क्लाइव्ह सैन्यासह उतरला आणि किल्ला व पेशव्यांची फौज यांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याला किल्ला मराठ्यांच्या हाती पडू द्यायचा नव्हता. 13 तारखेला किल्ला शरण आला. इंग्रजांची वीसेक माणसं मेली किंवा जखमी झाली. लूट दहा लाख रुपयांच्या घरात गेली आणि ती इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले.

किल्ल्याचा तट या वेळीही मोठासा फुटला नव्हता. पडली ती जोडी. आरमार जळाल्यावर किल्ल्याला राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि जमिनीची बाजू आपल्याच माणसांनी बंद केली होती. नानासाहेबांच्या या निर्णयाबद्दल इतिहासकार दोन्ही बाजूंनी लिहितात. माझं मत स्पष्ट आहे: तुळाजींना वठणीवर आणायचं होतं तर ते काम मराठ्यांनी मराठ्यांपुरतं ठेवायला हवं होतं. परक्या आरमाराला आपल्या बंदराची खोली मोजू देणं फार महागात पडलं.

करार मोडून इंग्रजांनी किल्ला काही महिने स्वतःकडेच ठेवला. ऑक्टोबर 1756 मध्ये पुण्याला तह झाला, त्यात बाणकोट इंग्रजांकडे कायम झालं आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे आला.

त्यानंतर

पेशव्यांनी इथे आपलं आरमार ठेवलं, आणि आनंदराव धुळप त्याचे प्रमुख म्हणून नावाला आले. 1783 च्या एप्रिलमध्ये त्यांनी इंग्रजांचं रेंजर हे जहाज जोरदार लढाई करून पकडलं आणि विजयदुर्गाला आणलं. सालबाईचा तह आधीच झाला होता, पण त्याची खबर समुद्रावर पोचली नव्हती. 1756 नंतरही या बंदरात लढण्याची धमक उरली होती, एवढं यावरून दिसतं. 1818 मध्ये पेशवाईबरोबर किल्लाही इंग्रजांकडे गेला. सगळा किनारा एकाच सत्तेखाली आल्यावर खाडीचं तोंड कोणापासून राखायचं, हा प्रश्नच मिटला.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरीही आहेत. आता जाणाऱ्यांची संख्या वाढेल. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: ओहोटीच्या वेळी पोचा, म्हणजे तटाच्या पायथ्याचे खडक उघडे दिसतील. मग दोन-तीन तास किल्ल्यात काढा, भरती चढू द्या. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी दोन-तीन मीटर वर येतं आणि सकाळचे खडक दिसेनासे होतात. खाडीच्या आतल्या बाजूला आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, सुमारे शंभर मीटर लांबीची, तीही बघा. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ कोरडा होईल, तेवढ्यात डागडुजी करायची, अशी तिची रीत. आणि दुपारी खारं वारं सुटलं की उत्तरेच्या तटावर या. पश्चिमेकडून वारा अंगावर येईल, तोच वॉटसनच्या शिडांत भरला होता. समोरच्या पाण्यात मासेमारीच्या होड्या खाडीत परतताना दिसतील, एकीलाही दांड्यासाठी थांबावं लागत नाही.